निवृत्त कामगारांची पेन्शन आणि आमचा हिशोब

गेल्या रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पेढीवर जकातीची यादी करीत बसलो होतो. मुनीमजींनी यादीत एका वृद्ध कारीगराचे नाव घातले होते. हे चाचा एका कापड गिरणीत साचेवाले होते. २००७ साली तेथून निवृत्त झाल्यावर काही वर्षे ते आमच्याच गोदामात तागे मोजण्याचे व घडी घालण्याचे काम करीत. त्यांच्यापुढे पाकीट धरले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. म्हणाले, "शेठ, हे माझ्याहून गरीब माणसाला द्या. मला फक्त एक अर्ज लिहून द्या. बुलढाण्याच्या लोकांबरोबर दिल्लीला जायचे आहे."

पंच्याहत्तरी ओलांडलेला, काठी टेकीत चालणारा माणूस दिल्लीला कशासाठी जातो, हे ऐकण्यात आमचा अर्धा दिवस गेला. जे ऐकले आणि नंतर कागदपत्रे काढून जे ताडून पाहिले, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत. प्रकरण कामगारांचे दिसले तरी हिशोब आपल्या दारापर्यंत येतो.

१६ नोव्हेंबर १९९५ रोजी केंद्र सरकारने कर्मचारी पेन्शन योजना लागू केली. लोक तिला ईपीएस ९५ म्हणतात. त्यापूर्वी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती, तिच्यात जमलेला पैसा या नव्या योजनेत वळवला गेला. भविष्य निर्वाह निधीत मालक पगाराच्या १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले कामगाराच्या फंडात. सरकार आपल्याकडून १.१६ टक्के घालते. पण हा ८.३३ टक्के पूर्ण पगारावर नसून ठराविक मर्यादेवर धरला जातो. ती मर्यादा आधी ५००० रुपये होती, २००१ मध्ये ६५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. पेन्शन काढण्याची रीत सोपी आहे. सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. ६५०० रुपयांवर बारा वर्षे भरली तर हाती येतात १११४ रुपये. गिरणीतल्या जुन्या माणसांची खरी नोकरी तर १९९५ च्या आधीची. वीस वर्षांहून अधिक जुन्या नोकरीला या योजनेने दरमहा १५० किंवा १७० रुपये एवढाच मूळ आकडा धरला. पुढे एका कोष्टकाने तो थोडा वाढतो, इतकेच. ज्याने ऐन तारुण्य साच्याच्या खडखडाटात घालवले, कान बधिर करून घेतले, त्याच्या त्या वीस वर्षांची किंमत ही.

आमच्या चाचांना सगळे मिळून १५०० रुपये बसले. निवृत्त झाले त्याच वर्षी मुलीचा निकाह होता. त्या वेळी योजनेत पेन्शन विकण्याची सोय होती. पेन्शनचा तिसरा हिस्सा विकायचा आणि त्याच्या शंभरपट रक्कम एकदम घ्यायची. चाचांनी ५०० रुपये विकले, ५०,००० घेतले आणि दरमहा १००० वर आले. आपण व्यापारी आहोत, हिशोब लगेच समजेल. शंभर महिन्यांत, म्हणजे सव्वाआठ वर्षांच्या आसपास, ते ५०,००० फिटले. तरीही कपात चालूच राहिली, कारण नियमाप्रमाणे ती मरेपर्यंत होती. एखाद्या सावकाराने असा कागद केला असता तर आपल्या मोहल्ल्यात त्याच्याशी कोणी सलाम-दुवा ठेवली नसती.

आणि मग २६ सप्टेंबर २००८ रोजी अधिसूचना निघाली. पेन्शन विकण्याची सोय बंद झाली. त्याच वेळी आणखी एक सोय गेली, जिच्याविषयी फार कमी बोलले जाते. कामगार हयातीत दहा टक्के कमी पेन्शन घेई आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसाला मूळ पेन्शनच्या शंभरपट रक्कम मिळे. घरात दुसरे काही शिल्लक नसणाऱ्या विधवेला तो मोठा आधार होता. तोही पुसला गेला. तिसरी गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसांना विशेष झोंबणारी होती. ५८ वर्षांच्या आधी, पन्नाशीनंतर पेन्शन घेतली तर दर वर्षामागे ३ टक्के कापले जात, ते ४ टक्के झाले. आता ५८ च्या आधी पेन्शन कोण घेतो? ज्याची गिरणी बंद पडली तो. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बसत गेल्या. मदनपुऱ्यातील मोमीन विणकरांची घरे त्या साचे खात्यांवर चालत होती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पन्नाशीत नोकरी गेलेला माणूस आठ वर्षे थांबणार कसा? त्याने कमी पेन्शन पत्करली. गिरणी बंद पाडण्यात त्याचा हात नव्हता, पण टक्का कापला गेला तो त्याचा.

हे सगळे सहन करून घरी बसतील अशी सरकारची अटकळ असावी. म्हातारी माणसे, गावोगाव विखुरलेली, हाती पैसा नाही. पण ती बसली नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्तांच्या समित्या निघाल्या, कागद गोळा झाले, खासदारांच्या घरी खेपा झाल्या. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ साली किमान पेन्शन ३००० रुपये करण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १००० ठरले. त्याच दिवसापासून सरासरी पगार शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांचा धरायचा, असाही बदल झाला. पाच वर्षांपूर्वीचा पगार आजच्याहून कमीच असतो. एका हाताने हजार दिले आणि दुसऱ्या हाताने पुढच्यांच्या पेन्शनीतून काढून घेतले.

बुलढाण्याचे नाव येथे येते. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली ईपीएस ९५ च्या निवृत्तांनी २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केले. आज हे चार, उद्या ते चार, असे वर्षानुवर्षे. दिल्लीत मोर्चे झाले, निवेदने झाली. मागणी दरमहा ७५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि नवरा-बायको दोघांना मोफत औषधोपचार, अशी आहे. सहकारी कारखाने, एसटी, वीज मंडळ, सूतगिरण्या अशा सर्व ठिकाणचे लोक त्यात आहेत. हिंदू, मुसलमान, दलित एका सतरंजीवर. चाचा म्हणतात, तेथे कोणी कोणाला नाव विचारीत नाही, पेन्शन किती ते विचारतात.

त्यांच्या रेट्याचे एक फळ निघाले. ऑगस्ट २०१९ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने अधिसूचना काढली, की २५ सप्टेंबर २००८ पर्यंत ज्यांनी पेन्शन विकली त्यांना पंधरा वर्षांनंतर पूर्ण पेन्शन परत मिळेल. सुमारे ६ लाख ३० हजार निवृत्तांचा हा प्रश्न होता. चाचांचे ५०० रुपये २०२२ साली परत सुरू झाले. तोवर ५०,००० च्या बदल्यात ९०,००० कापले गेले होते. तरी ते खूश होते, आणि आम्हाला त्या खुशीचीच लाज वाटली.

प्रत्यक्ष पगारावर पेन्शन मिळावी हा वाद वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यावर निकाल दिला. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी विकल्प न देता निवृत्त झालेले त्यातून बाहेर राहिले. मोठ्या कंपन्यांतील पगारदारांचा तो प्रश्न आहे. साचेवाल्याचा पगारच मर्यादेच्या आत होता, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

सरकार म्हणते की पेन्शन निधीत तूट आहे, वाढवून देणे परवडणार नाही. आम्ही हा मुद्दा हसण्यावारी नेत नाही. गल्ल्यात येईल त्याहून जास्त बाहेर जाऊ लागले तर दुकान बुडते, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. परंतु १००० चा आकडा २०१४ साली ठरला आणि दहा वर्षे पूर्ण झाली तेव्हाही तो १००० च होता. या दहा वर्षांत तेल, डाळ, औषध यांचे भाव कोणी थांबवून ठेवले होते काय? या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. दुसरीकडे आपल्या राज्याने श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना मिळणारे हजार रुपये २०२३ साली दीड हजार केले. चांगले केले, गरिबाच्या ताटात पडले तर आम्हाला आनंदच आहे. पण ज्याने काही भरले नाही त्याला दीड हजार आणि ज्याच्या नावाने उमेदीची सारी वर्षे भरले गेले त्याला हजार, हा कुठला हिशोब? ७५०० चा आकडा पूर्ण मान्य होवो वा न होवो, महागाईबरोबर वाढणारी पेन्शन हवी, एवढे तर कोणत्याही मुनीमाला पटेल. मालकाने भरलेले ८.३३ टक्के हा कामगाराच्या मेहनतान्याचाच भाग होता. तो त्याच वेळी हातात न देता म्हातारपणासाठी अमानत म्हणून ठेवला. अमानत ठेवणाऱ्याने परत देताना उपकाराची भाषा करू नये.

येथवर लिहिणे सोपे होते. सरकारला दोष देताना कोणाचा हात थरथरत नाही. पण अर्ज लिहून झाल्यावर चाचा जाता जाता म्हणाले, "मला गिरणीने दीड हजाराचा तरी हक्क दिला. तुमच्या गोदामातला तो घडीवाला अठरा वर्षे काम करतो. तो माझ्या वयाचा झाला की कोणत्या मोर्चात जाईल?"

आम्ही गप्प बसलो. आमच्याकडे एकूण २७ माणसे कामाला आहेत. पण कागदावर तीन पेढ्या आहेत, एक आमच्या नावे, एक धाकट्या भावाच्या, एक घरच्यांच्या. कोणत्याही एका नावावर अकराच्या वर माणूस नाही. वीस माणसांची अट लागू नये म्हणून ही रचना आमच्या मरहूम वालिदांच्या वेळेपासून चालत आली आणि आम्ही ती शहाणपण समजून पुढे चालवली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे जाऊन पाहा. एका छपराखाली माग, आणि चार भावांच्या नावे चार मीटर. १९५२ च्या कायद्यातच पुढे कलम २-अ घालून सांगितले गेले की एकाच आस्थापनेचे विभाग व शाखा कोठेही असल्या तरी ती एकच आस्थापना धरावी. हे आपल्यातील कोणाला ठाऊक नाही असे नाही. तपासनीस येतो, चहा होतो, जातो. कांडीवाला, मुकादम, घडीवाला, हमाल, कोणाच्याच नावाने काही जमत नाही. आणि दोष एकट्या मागवाल्याचा तरी कसा म्हणावा? ग्रे कापडाचा सौदा करताना आम्हीच मीटरमागे दहा-वीस पैशांसाठी त्याला दोन तास बसवून ठेवतो. ते पैसे शेवटी कोणाच्या पोटातून निघतात?

काही बंधू सांगतात, फंडावर व्याज मिळते, ते सूद आहे, म्हणून आम्ही या भानगडीत पडत नाही. हे कारण आम्हीही पूर्वी दिले आहे. मुफ्ती मुहम्मद शफी साहेबांसारख्या मोठ्या आलिमांनी सक्तीने कापल्या जाणाऱ्या फंडावरील वाढ सूद ठरत नाही, असे मत लिहून ठेवले आहे. शंका असेल त्याने आपल्या मुफ्तींना विचारावे. पण बँकेची कॅश क्रेडिट वापरताना ज्यांना हा प्रश्न पडत नाही, त्यांना तो नेमका मजुराच्या फंडापाशीच का आठवतो? घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला आहे. येथे तर घाम वाळून माणूसही वाळून गेला.

ईदनंतर आम्ही एका सल्लागाराला बसवून हिशोब मांडला. माणशी १५,००० पगार धरला तर १२ टक्क्यांचे १८०० होतात. त्यातले १२५० पेन्शनला जातात. २७ माणसांचे ४८,६०० आणि प्रशासन व विम्याचा एक टक्का मिळून महिन्याला साडेबावन्न हजारांच्या वर जातात. रक्कम लहान नाही. मंदीच्या महिन्यात तर जड जाईल. पण त्याच पगारावर वीस वर्षे भरणाऱ्याला, दोन वर्षांच्या सवलतीसह, ४७१४ रुपये पेन्शन बसते. तीही पुरेशी नाही, पण जकातीच्या रांगेत उभे न राहण्याइतकी आहे. संख्या वीसहून कमी असली तरी मालक व बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने नोंदणी करता येते, हे लहान कारखानदारांनी लक्षात घ्यावे.

अडचणी आहेतच. कामगारांनाच सांगितले तेव्हा निम्मे नाराज झाले. त्यांच्या पगारातूनही १२ टक्के कापले जाणार, आणि गावी पैसे पाठवणाऱ्याला आजचे अठराशे उद्याच्या पेन्शनहून मोठे वाटतात. "शेठ, रोखच द्या," असे चौघांनी तोंडावर सांगितले. त्यांची समजूत घालायला आम्ही चाचांनाच बोलावले. त्यांनी पेन्शनचे पासबुक सर्वांपुढे ठेवले, ५०० रुपयांची कपात कोठे सुरू झाली आणि कोठे थांबली ते बोटाने दाखवले. त्या बोटांचे ठसे सुताने इतके झिजले आहेत की हयातीच्या दाखल्याच्या यंत्रावर ते उमटत नाहीत. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला होतो, तो आमच्या मुनीमजींनी करून दिला. त्यानंतर तिघे तयार झाले, एक अजून अडून आहे.

मागील वर्षांची थकबाकी, दंड व व्याज किती निघेल, ही भीती आमच्या मनात आहे, ती लपवीत नाही. व्यापारी संघटनेच्या येत्या बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत. सर्वांनी मिळून भविष्य निधी कचेरीशी बोलणी केली तर एकट्याने जाण्यापेक्षा बरे पडेल. तीन पेढ्या एका नावाखाली आणण्याचे कागद तयार होऊन पडले आहेत. धाकट्या भावाने अजून सही केलेली नाही.