शेडचा भाव ठरतो किलोवर, पण वादळात शेड टिकतं बोल्टवर

जुन्नर/आंबेगाव : कांदा चाळ असो, गोठा असो, पोल्ट्री असो की रस्त्याकडेचं मंगल कार्यालय. ओतूर, नारायणगावपासून मंचर, घोडेगावपर्यंत तयार लोखंडी सांगाड्यांची कामं जागोजागी दिसतात. खांब वर्कशॉपमध्ये बनतात, गाडीवर येतात आणि चार-आठ दिवसांत उभे राहतात. व्यवहार ठरतो किलोवर नाहीतर स्क्वेअर फुटावर. पत्रा कुठल्या कंपनीचा, पाइप किती जाडीचा, एवढं शेतकरी विचारतो. खांब खाली कशाने धरलाय, हे मात्र विचारायचं राहून जातं. खरी गोम तिथेच आहे.

आता पोकळ लोखंडी खांबात काँक्रीट भरायची पद्धतही आली आहे. पद्धत चांगलीच आहे. आतल्या काँक्रीटमुळे पाइपची भिंत आत दबत नाही आणि पाइपमुळे काँक्रीट फुटून बाहेर पडत नाही. दोघं मिळून वरचं वजन जास्त पेलतात. मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींत असे लोखंड-काँक्रीटचे खांब वापरतात. आपल्या देशात अशा बांधकामासाठी आयएस ११३८४ हे स्वतंत्र मानक आहे.

पण काँक्रीट दाबाला वाघ असलं तरी ताणाला कच्चं असतं. इमारतीवर वरून वजन असतं, म्हणून तिथे दाबाचं गणित मोठं. पत्र्याच्या शेडचं उलटं आहे. छप्पर हलकं, त्यामुळे वारा आत शिरला की शेड वर उचलायला बघतो. तेव्हा खांबाची ताकद बाजूला राहते आणि सगळा ताण खांबाखालच्या प्लेटवर आणि तिच्या बोल्टवर येतो. खांब भरीव केला म्हणून ही बाजू आपोआप मजबूत होत नाही.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवून बघा. रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेलं वादळ सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यात आलं. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळात घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस आडवी झाली. समुद्र लांब आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज त्या दिवशी मोडला.

हिशेब सोपा आहे. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलाय. या वेगाला एका चौरस मीटरवर साधारण ९० किलोचा जोर येतो. तीस बाय पन्नासच्या शेडचं छप्पर होतं सुमारे १४० चौरस मीटर. म्हणजे बारा-तेरा टनांची ओढ. छपराचा उतार, शेडची उंची आणि उघड्या बाजू यांवर हा आकडा कमी-जास्त होतो. पण आठ खांबांचं शेड धरलं, तर एकेका खांबाला दीड टनाची ओढ बसू शकते. पत्र्याचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नाही.

चांगले चार बोल्ट ही ओढ सहज पेलतात. बोल्ट मधोमध तुटायच्या आधी बहुतेक वेळा दुसरंच काही सुटतं. कधी फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये उथळ बसवलेला असतो, कधी ठोकळ्याच्या अगदी कडेला असतो. भोकं जुळली नाहीत की गॅस कटरने मोठी केली जातात आणि वर पातळ वॉशर टाकून वेळ मारून नेली जाते. कुठे चारपैकी दोनच नट पिळलेले असतात. प्लेटखालची फट ग्राउटने न भरता मातीने बुजवली, तर तिथे पाणी मुरतं. पाया छोटा असेल तर बोल्ट धरून ठेवतो, पण पायाच उपटून येतो. दोन फूट लांब, रुंद, खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण साडेपाचशे किलोचाच भरतो.

आणि गंज. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. शिवनेरीच्या पायथ्याला ती बातमी जास्तच लागली. पुतळा उभा राहून नऊ महिनेही झाले नव्हते. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला दिलं होतं. पडण्यामागे फक्त बोल्टच होते असं नाही, सांगाडा आणि वेल्डिंगवरही बोट ठेवलं गेलं. पण गंज दिसला होता, लिहिला गेला होता आणि तरी वेळ निघून गेली. मालवणला खारी हवा आहे. आपल्याकडे गोठ्यातलं शेण-मूत्र, पोल्ट्रीतली ओली विष्ठा आणि भीमाशंकरच्या बाजूचा धो-धो पाऊस तेच काम करतो. खांब वरून रंगवलेला चकाचक, तळाला मात्र खाल्लेला, असं म्हणून होतं.

मग करायचं काय? कोटेशनमध्ये बोल्टची जाडी, लांबी, संख्या आणि ग्रेड लिहून घ्या. बोल्टच्या डोक्यावर ४.६ किंवा ८.८ असा आकडा असतो. ८.८ चा बोल्ट ४.६ च्या दुप्पट ताकदीचा. पण महाग बोल्ट उथळ बसवला तर पैसे वाया. जस्ताचा लेप असलेले बोल्ट घ्या. काँक्रीट ओतताना बोल्ट साच्यात धरून जागेवर बसवले, तर नंतर भोकं वाढवावी लागत नाहीत. पायाचं काँक्रीट ओतायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेड मोठं असेल तर अभियंत्याकडून वाऱ्याचा हिशेब करून घ्या. त्याची फी शेडच्या खर्चापुढे किरकोळ असते.

ज्यांचं शेड आधीच उभं आहे, त्यांनी मेअखेर पाना घेऊन एक फेरी मारावी. सैल नट आवळावा, गंजका बदलावा, तळाची माती बाजूला करावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मृग लागल्यावर ते सुचून उपयोग नाही.