कपाळावरचा लाल डाग अंगावर काढू नका

बाळाच्या कपाळावर किंवा वरच्या पापणीवर जन्मापासून लालसर-जांभळा सपाट डाग आहे आणि तो फिका पडत नाही? मग हे आवाहन तुमच्यासाठी आहे. ‘ग्रहण पाळलं नाही म्हणून डाग आला’ असं म्हणत बाळंतिणीला बोल लावू नका. ‘मोठेपणी जाईल’ म्हणून वाटही पाहू नका. बाळाचे डोळे आणि मेंदू तपासून घ्या.

चेहऱ्यावर डाग असलेल्या बहुतेक मुलांचा मेंदू निरोगी असतो. काहींना मात्र स्टर्ज-वेबर सिंड्रोम हा दुर्मीळ जन्मजात आजार असतो. त्यांच्या मेंदूच्या आवरणातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही बिघडलेल्या असतात. तिथलं रक्त नीट पुढे जात नाही आणि मेंदूला प्राणवायू कमी पडतो. मग आकडी येते, एका बाजूचे हातपाय कमजोर होतात, शिकणं मागे पडतं. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू झाला तर नजर जाऊ शकते. या आजाराचं कारण २०१३ मध्ये सापडलं: गर्भात वाढताना काही पेशींमधल्या जीएनएक्यू जनुकात आपोआप होणारा बदल. तो आईवडिलांकडून येत नाही. त्यात कुणाचाही दोष नाही.

मेंदूतला हा बिघाड बाहेरून दिसत नाही. तो दाखवते एमआरआय तपासणी, आणि तीही शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन केलेली. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅनमध्ये असतात, शिवाय त्यात दिसणारे कॅल्शियमचे थर अनेकदा उशिरा साठतात. अगदी तान्ह्या बाळाचा एमआरआय सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, म्हणून एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका; वर्षाच्या सुमारास पुन्हा करायचा का, हे बालमेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. बाळ स्थिर राहावं म्हणून भूल लागली तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते आधीच समजून घ्या. वाळे, करगोटा, ताईत घरीच काढा. रिपोर्टबरोबर सीडीही मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या तपासणीशी तुलना तिच्यावरूनच होते.

आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. दुसऱ्या कुणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर तडक रुग्णालय गाठा. एकाएकी हात किंवा पाय उचलेनासा झाला तरीही तेच करा.

आशाताईंनो, जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत तुम्ही बाळाच्या घरी जाता. असा डाग दिसला तर वजनाबरोबर त्याचीही नोंद करा आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा अशा मुलाला पुढे करा. डॉक्टरांनो, डोळ्यातला दाब मोजल्याशिवाय आणि आकडी कशी ओळखायची हे आईला सांगितल्याशिवाय तिला घरी पाठवू नका.

आणखी एक कळकळीची विनंती. हा आजार इतका विरळा आहे की एका रुग्णालयात पुरेशी मुलं जमत नाहीत. अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या संशोधकांनी हा आजार असलेल्या मुलांचे एमआरआय आणि पेट स्कॅन वर्षानुवर्षं तपासले. मेंदूचं नुकसान मुख्यतः पहिल्या काही वर्षांत वाढतं, आणि काही मुलांत खोलवरच्या शिरा रक्ताला दुसरी वाट करून देतात, हे अशा कामातून उलगडलं. एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने मुलाच्या तपासण्या अभ्यासासाठी मागितल्या, तर नैतिकता समितीची परवानगी पाहा, नाव गुप्त राहील ना ते विचारा, आणि मन मानलं तर होकार द्या. नकार दिलात तरी उपचार मिळणं हा मुलाचा हक्कच आहे.

पहिली काही वर्षं फार मोलाची आहेत. असं बाळ तुमच्या घरात, वाडीत किंवा सोसायटीत असेल, तर याच आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांकडे न्या. त्याच्या आईला एकटीला पाठवू नका, सोबत जा.