भाडे कमी की खर्च कमी?

व्यापारी पेठेत मालवाहतुकीचा विषय निघाला की बोलणे लगेच दरावर येते. टनामागे भाडे किती, मागील महिन्यापेक्षा ते चढले की उतरले, दुसरा ट्रान्सपोर्टवाला पन्नास रुपये कमी घेतो का, एवढ्यावर हा विषय बहुधा संपतो. धुराचा आणि प्रदूषणाचा प्रश्न सरकारने व वाहन बनवणाऱ्या कारखान्यांनी पाहावा, अशी सर्वसाधारण समजूत असते. आपण त्यात लक्ष घातले तर खर्च वाढणारच, असेही मनाशी धरून चाललेले असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे आकडे मांडूनच पाहिले पाहिजे.

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.65 किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. लिटरभर डिझेलचे वजन किलोपेक्षाही कमी असते. पण जळताना त्यातील कार्बन हवेतील ऑक्सिजन घेतो, म्हणून वायूचे वजन एवढे भरते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या बीएस-6 मानकांमुळे नव्या गाड्यांच्या धुरातील काजळी आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड पुष्कळ घटले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु कार्बन डायऑक्साइड गाळून घेणारी जाळी ट्रकला बसवता येत नाही. तो कमी करायचा तर डिझेलच कमी जाळावे लागते. आणि ट्रक चालवण्याच्या खर्चात सर्वांत मोठी बाब डिझेलचीच असते. म्हणजे धुराचा आणि खर्चाचा हिशेब बऱ्याच अंशी एकाच खात्यावर लिहिला जातो.

एका फेरीचा हिशेब

समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने 500 किलोमीटरवरील बाजारपेठेत 16 टन माल वाहणारा ट्रक पाठवला. भरलेली गाडी लिटरला 4 किलोमीटर आणि रिकामी गाडी 5 किलोमीटर चालते, असे सोयीसाठी धरू. डिझेलचा भाव लिटरला 90 रुपये धरू.

गाडी जाताना पूर्ण भरलेली आणि येताना रिकामी असेल, तर 125 आणि 100 मिळून 225 लिटर डिझेल लागते. टनामागे हे सुमारे 14 लिटर होते. म्हणजे डिझेलचा खर्च 1,265 रुपये आणि वायू 37 किलो.

तीच गाडी निम्मी, म्हणजे 8 टन भरून पाठवली तर डिझेल निम्मे होत नाही. गाडीचे स्वतःचे वजन आणि समोरून येणारा वारा तेवढाच राहतो. अशी गाडी लिटरला साडेचार किलोमीटर चालली, तर दोन्ही बाजूंचे मिळून 211 लिटर लागतात. टनामागे 26 लिटर, सुमारे 2,370 रुपये आणि 70 किलो वायू.

आता गाडीला परतीचे पूर्ण भाडे मिळाले, असे धरा. एकूण 250 लिटर जळतात, पण वाहिला जातो 32 टन माल. टनामागे 8 लिटरहून कमी, सुमारे 700 रुपये आणि 21 किलो वायू.

गाडी तीच, रस्ता तोच आणि चालकही तोच असताना टनामागील डिझेल 26 लिटरवरून 8 लिटरवर आले. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले नाही की अनुदानाचा अर्ज भरावा लागला नाही. फरक पडला तो केवळ गाडी भरण्याच्या नियोजनाने.

येथे दर आणि खर्च या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. भाड्यात घासाघीस करून व्यापाऱ्याने पाचशे रुपये वाचवले, तर ते ट्रकमालकाच्या खिशातून त्याच्या खिशात येतात. डिझेलचा एक थेंबही वाचत नाही. गाडी भरून गेली किंवा परतीचे भाडे मिळाले, तर मात्र प्रत्यक्ष खर्चच घटतो आणि त्याची वाटणी दोघांनाही करून घेता येते. पहिल्या प्रकारात एकाचा लाभ हा दुसऱ्याचा तोटा असतो. दुसऱ्या प्रकारात लाभ खराखुरा निर्माण होतो.

गोदाम, प्रतीक्षा आणि वजनकाटा

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवर 2 टक्के केंद्रीय विक्रीकर पडत असे. तो टाळण्यासाठी अनेक कंपन्या प्रत्येक राज्यात एक लहान गोदाम ठेवत आणि तेथे शाखा-हस्तांतराने माल पाठवत. गोदामे कुठे असावीत, हे बाजारपेठेने ठरवावयाचे ते करविभागाच्या नकाशाने ठरत होते. ते कारण आता उरलेले नाही. तरीही जुन्या सवयीने चार ठिकाणी चार छोटी गोदामे ठेवणारे व्यवसाय आढळतात आणि त्यांच्या गाड्या अर्धवट भरून धावतात. गोदामे एकत्र केली तर भाडे, पगार, अडकलेले भांडवल आणि डिझेल या चारही बाबींत बचत होते. लहान व्यापाऱ्यांना दुसरा मार्ग आहे. एकाच पेठेतील तिघाचौघांचा माल एका गाडीत भरता येतो. त्यासाठी ई-वे बिलाच्या व्यवस्थेत एकत्रित बिलाची सोयही आहे.

प्रतीक्षेचा खर्च तर बहुतेकांच्या वहीत येतच नाही. गाडी सकाळी दारात येऊन उभी राहते, हमाल दुपारी येतात आणि बिल संध्याकाळी तयार होते. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी चालक रात्री भरधाव निघतो. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि डिझेल अधिक जळते. म्हणजे व्यापाऱ्याच्या दारातील खोळंबा महामार्गावर धूर होऊन बाहेर पडतो. माल बांधून, कागद तयार ठेवून मगच गाडी बोलावण्यास काहीच खर्च येत नाही.

अधिक माल भरणे लाभाचे, तर क्षमतेपेक्षाही जास्त का भरू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कायद्यात आहे, तसेच रस्त्यातही आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास 2,000 रुपये दंड आहे. शिवाय आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळा पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. खड्ड्यांतून धडपडत जाणारी पुढची प्रत्येक गाडी जादा डिझेल जाळते. आज वाचवलेले भाडे असे उद्या सर्वांकडून वसूल होते.

रेल्वेचा पर्याय

लांबच्या पल्ल्याला रेल्वेसारखे काटकसरीचे साधन जमिनीवर दुसरे नाही. पोलादी रुळावर पोलादी चाकाला फार थोडा विरोध होतो, त्यामुळे तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास रेल्वेला ट्रकपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. विजेवरील इंजिनालाही ती वीज अद्याप मोठ्या प्रमाणावर कोळशातूनच मिळते, हे खरे. तरी तुलनेत रेल्वेच सरस ठरते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा चार-पंचमांशाहून अधिक होता. आज तो एक-चतुर्थांशाच्या थोडा वर आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेने 2030 पर्यंत तो 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

व्यापारी रेल्वेकडून रस्त्याकडे वळले, ते केवळ आळसाने नव्हे. मालगाडीचा पूर्ण रेक सुमारे अडीच हजार टनांचा असतो; तो भरणे साखर, सिमेंट किंवा खत कारखान्याचे काम आहे, पेठेतील दुकानदाराचे नव्हे. रेल्वेने माल पाठवला तर कारखान्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून वाघिणीत आणि पलीकडे पुन्हा ट्रकमध्ये, अशी उचल-ठेव होते. प्रत्येक वेळी हमाली लागते आणि नुकसानीचा धोका असतो. शिवाय माल नेमका कधी पोहोचेल, याची खात्री नसते. कमी अंतरावर ही अडचण बचतीपेक्षा जड होते.

म्हणूनच या अडचणींवर काढलेले तोडगे अभ्यासण्याजोगे आहेत. कोकण रेल्वेने 1999 साली कोलाड ते वेर्णा अशी सेवा सुरू केली, तीत भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेले जातात. मालाची उचल-ठेव नाही, घाटातील डिझेल आणि टायरची झीज वाचते, आणि चालकाला विश्रांती मिळते. दुसरे उदाहरण किसान रेलचे. 7 ऑगस्ट 2020 रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधील दानापूरला पहिली गाडी निघाली. सुमारे 1,500 किलोमीटरचे अंतर तिने जवळजवळ 32 तासांत कापायचे होते. माल किती असावा, याला किमान मर्यादा नव्हती, त्यामुळे काही पेट्या पाठवणारा शेतकरीही तिचा ग्राहक होऊ शकला. त्याच वर्षी 28 डिसेंबरला शंभरावी किसान रेल सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला रवाना झाली. फळे व भाजीपाल्यावरील भाड्यात 50 टक्के सवलत होती, हे विसरून चालणार नाही. सवलतीवर सुरू झालेली सेवा सवलतीविना किती तगते, हा प्रश्न प्रत्येक अशा योजनेला विचारावा लागतो. परंतु लहान ग्राहकाचा माल एकत्र केला आणि वेळ पाळली तर तो रुळाकडे परत येतो, एवढे या अनुभवातून दिसले.

दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे 1,500 किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यावर एकावर एक दोन कंटेनर ठेवून विजेच्या इंजिनाने गाडी चालवता येते. मुंबईकडील शेवटचा टप्पा इतर टप्प्यांच्या मागे राहिला. मात्र निर्यातदाराने आपले गोदाम आणि कंटेनर डेपो यांची आखणी हा मार्ग ध्यानात ठेवूनच करावी.

खर्च कोणाच्या माथी?

प्रत्येक सुधारणा स्वस्तात होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. विजेवरील जड ट्रकची किंमत डिझेलच्या ट्रकच्या दुपटीहून अधिक पडते. केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजनेखाली अशा ट्रकसाठी गाडीमागे कमाल 9.6 लाख रुपयांचे प्रोत्साहन जाहीर केले. बंदर ते गोदाम किंवा कारखाना ते रेल्वे यार्ड, अशा ठरावीक आणि छोट्या मार्गावर रोज धावणाऱ्या गाडीला हा व्यवहार जमू शकतो. सांगलीहून कोलकात्याला जाणाऱ्या गाडीला तो अद्याप जमणारा नाही.

यातील खरा प्रश्न लहान ट्रकमालकाचा आहे. आपल्या देशातील बहुसंख्य ट्रकमालकांकडे एक-दोन, फार तर चार-पाच गाड्या असतात. घर किंवा जमीन तारण ठेवून गाडी घेतलेली असते आणि गाडी चालो वा उभी राहो, महिन्याचा हप्ता चुकत नाही. असा मालक परतीला रिकामे जाण्यापेक्षा मिळेल त्या भाड्याला होकार देतो. मग टायर बदलणे पुढे ढकलले जाते, इंजिनाची देखभाल राहते आणि क्षमतेपेक्षा जादा माल भरला जातो. गाडी अधिक डिझेल पिते आणि उरलासुरला नफाही जातो. हप्ता थकला की कर्जखाते अनुत्पादक होते, गाडी ओढून नेली जाते आणि एक कुटुंब रस्त्यावर येते. ज्या व्यापाऱ्याने सर्वांत कमी दर मिळवला म्हणून समाधान मानले, त्याला पुढच्या हंगामात भरवशाची गाडी मिळत नाही.

याच्या उलट, वर्षभराचा ठरावीक माल देण्याचा लेखी करार, पंधरा दिवसांत भाड्याची रक्कम चुकती करण्याची शिस्त आणि दारात गाडी न खोळंबवण्याची हमी मिळाली, तर तोच मालक दर उतरवण्यास आनंदाने तयार होतो. असा करार दाखवला की बँकही नव्या, कमी डिझेल खाणाऱ्या गाडीच्या कर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहते, कारण हप्त्यामागचे उत्पन्न तिला दिसते. व्यापाऱ्याचा शब्द आणि वेळेवर दिलेला पैसा येथे अनुदानाइतकेच काम करतो.

व्यावसायिकांनी यासाठी वर्षअखेरीची वाट पाहू नये. मागील तीन महिन्यांच्या बिल्ट्या काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहाव्यात : गाडीची क्षमता किती होती, प्रत्यक्ष माल किती गेला, गाडी दारात किती तास उभी राहिली आणि परतीला तिला काय मिळाले. चौथ्या रकान्यासाठी ट्रकमालकाशी बोलावे लागेल. तेवढ्यासाठी त्याला चहाला बसवावे. पुढील हंगामाचे भाडे ठरवण्याआधी हा कागद दोघांच्या मध्ये असावा.