'पासिंग' आहे म्हणजे गाडी धड आहे असे नाही

कापसाचे पैसे हातात पडले की धरणगाव, पाळधी, एरंडोल भागात जुन्या चारचाकीची चौकशी सुरू होते. म्हाताऱ्या माणसाला जळगावच्या दवाखान्यात न्यायचे असते, घरात लग्न असते, पोरांचा हट्ट असतो. नवी गाडी परवडत नाही, म्हणून बारा-तेरा वर्षे चाललेली गाडी बघितली जाते. घेणारा साधारण एकच प्रश्न विचारतो, "पासिंग कुठपर्यंत आहे?" विकणारा सांगतो, "अजून दोन वर्षे टेन्शन नाही." एवढ्यावर इसार दिला जातो.

शेतकरी बंधूंनो, या एका शब्दात सगळी गफलत आहे. 'जळगाव पासिंग' म्हणजे नंबर एमएच-१९ चा, हा झाला एक अर्थ. दुसरा अर्थ म्हणजे सरकारी माणसाने गाडी तपासून पास केली आहे. खाजगी मोटारीच्या बाबतीत हा दुसरा अर्थ बहुतेक वेळा खोटा ठरतो. कसा, ते बघू.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे घरगुती वापराच्या नव्या मोटारीची नोंदणी एकदम १५ वर्षांसाठी होते. या १५ वर्षांत ब्रेक, स्टिअरिंग, चेसिस तपासण्यासाठी ती परिवहन कार्यालयात न्यायची सक्ती नाही. मधल्या काळात सक्तीची असते ती पीयूसी, आणि पीयूसीत फक्त धूर मोजला जातो. म्हणून १३ वर्षांच्या गाडीचे 'पासिंग' शिल्लक आहे, याचा अर्थ ती १३ वर्षांपूर्वी नवी असताना नोंदली गेली, इतकाच.

मालवाहू पिकअप, टेम्पो, काळी-पिवळी यांचे वेगळे आहे. त्यांना फिटनेस दाखला लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. फिटनेस संपला असेल तर अशा वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. भाजीपाला, केळी वाहायला जुनी पिकअप घेणाऱ्याने मागच्या चार-पाच वर्षांचे दाखले सलग आहेत का ते बघावे. मध्ये एक-दीड वर्षाचा खंड असेल तर गाडी तेव्हा कुठे आणि का उभी होती, हे विचारायलाच हवे.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांवरील मोटारीची दरवर्षी तपासणी होते. गाडीचा नंबर टाकला की कोणालाही फुकटात दिसते की कोणत्या वर्षी ती पास झाली, कशात नापास झाली आणि तेव्हा किती मैल चालली होती. आपल्याकडे खाजगी मोटारीचा असा सरकारी इतिहासच तयार होत नाही. तो घेणाऱ्याने स्वतः जमवायचा असतो.

चौदाव्या वर्षाची स्वस्ताई

समजा, गाडी मार्च २०१२ ची आहे. तिची नोंदणी मार्च २०२७ ला संपते. पुढे चालवायची तर गाडी परिवहन कार्यालयात न्यावी लागते, तपासणी होते आणि पास झाली तर पुढची पाच वर्षे मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली. वर पर्यावरण कर वेगळा. शिवाय तपासणीत उभे राहण्यासाठी टायर, ब्रेक, दिवे, पत्रा यांचा खर्च येतो.

आता विचार करा, हा खर्च कोणाला नको असतो? ज्याच्याकडे आज गाडी आहे त्याला. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी विकायला निघते आणि स्वस्त वाटते. ती खरोखर स्वस्त आहे का, हे पुढच्या पासिंगचा खर्च किमतीत मिळवल्यावरच कळते. सौदा करताना तो आकडा मांडा आणि तेवढे कमी करून मागा.

इतिहास कुठे सापडतो?

एका जागी सापडत नाही. चार ठिकाणी विखुरलेला असतो.

पहिले ठिकाण परिवहन खात्याचे. आरसी बुक हा गाडीचा सातबारा समजा. सातबाऱ्यावर बोजा बघतो तसा इथेही बघायचा. गाडी कर्जावर घेतली असेल तर बँकेचे किंवा फायनान्सचे नाव चढलेले असते. कर्ज फिटले असे तोंडी सांगून भागत नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मिळाल्यावरच बोजा उतरतो. 'एम-परिवहन' ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी यांची मुदत दिसते. मालकाचे नाव तिथे पूर्ण दिसत नाही, म्हणून मूळ आरसी मागा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी पडताळा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. वाहतूक पोलिसांचे ई-चलन थकले आहे का, तेही नंबरावरून कळते.

दुसरे ठिकाण विम्याचे. पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' म्हणून टक्केवारी छापलेली असते. एक वर्ष भरपाई घेतली नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. विकणारा म्हणतो, "गाडीला कधी ओरखडा नाही." पॉलिसीवर बोनस शून्य दिसला तर विचारा, का? मालक बदलला असेल, विमा खंडित झाला असेल किंवा नुकतीच भरपाई घेतली असेल. मागच्या दोन-तीन पॉलिसी मागून घ्या. फक्त 'थर्ड पार्टी' विमा असेल तर त्यावर हा बोनस नसतो, मग दुरुस्तीची बिले बघावी लागतील.

तिसरे ठिकाण सर्व्हिसिंगचे. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक जॉबकार्डावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. २०१९ च्या कार्डावर ९० हजार आणि आज मीटरवर ७० हजार, असे दिसले तर मीटर मागे फिरवले आहे, दुसरा अर्थ नाही. मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि नोंद काढायला सांगा. मालक टाळाटाळ करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

चौथे ठिकाण गाडी स्वतः. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, दलालाचा नको. इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट स्वतः मारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पायाखालचे मॅट उचला. तिथे वाळलेला गाळ किंवा गंज दिसला तर गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते. २००५ चा मुंबईचा पूर आणि २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आठवा. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची वायरिंग वरून धुतल्याने बरी होत नाही. गॅसकिट बसवले असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी, आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी झालेली हवी.

बाहेरच्या राज्यातली गाडी

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम ठेवली. २०२५ मध्ये अंमलबजावणीत काही सवलत मिळाली. पण दरम्यान तिकडच्या कितीतरी गाड्या ना हरकत दाखल्यावर इतर राज्यांत विकल्या गेल्या. गाडी चकचकीत असते, किंमत ऐकून माणूस हरखतो. पण बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला हातात नसेल तर ती गाडी तुमच्या नावावर होणारच नाही. इसार देण्याआधी जळगावच्या परिवहन कार्यालयात जाऊन कर किती बसेल ते विचारून या. एका दिवसाची मजुरी बुडेल, लाखभर रुपये वाचतील.

नाव बदलणे राहून गेले तर

आपल्याकडे अजून स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, टीटी फॉर्मवर सह्या घेतल्या की सौदा झाला असे समजतात. फेरफार न करता जमीन घेतल्यासारखेच हे आहे. कायद्याप्रमाणे एकाच राज्यातली गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत.

यात विकणाऱ्याचाही जीव अडकलेला असतो. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती, पण दप्तरी नाव मूळ मालकाचेच होते. अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला की दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे तुम्ही विकलेली गाडी चार वर्षांनी दुसऱ्याच गावात कोणाला ठोकली, तरी नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. भरपाईचा आकडा शेत विकायला लावणारा असू शकतो.

घेणाऱ्याचे नुकसान वेगळे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. नाही केला आणि गाडी चोरीला गेली किंवा उलटली, तर कंपनी पॉलिसीवरचे नाव बघते आणि हात वर करते.

दलालाकडून गाडी घेत असाल तर आणखी एक विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्याची असते. ज्याच्याकडे हे पत्र नाही, तो फसवणूक झाल्यावर सापडेल याची खात्री कोण देणार?

बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग बघतो, लॉट नंबर बघतो, उगवण चाचणीची तारीख बघतो आणि पक्की पावती जपून ठेवतो. ती पिशवी हजार-पाचशेची असते. इथे वर्षाच्या कपाशीचे पैसे जात आहेत. तेव्हा पैसे एकदम मोकळे करू नका. थोडा इसार द्या, तोही पावती घेऊन. चार ठिकाणचे कागद गोळा करा. मोठी रक्कम बँकेमार्फत द्या, आणि काही रक्कम आरसीवर तुमचे नाव चढेपर्यंत हातात राखून ठेवा. विकणारा खरा असेल तर त्याला यात वावगे वाटणार नाही, कारण नाव बदलण्यात त्याचीही सुटका आहे.