विश्लेषण : लिनक्सवर चित्रफीत पूर्ण पडद्यावर का अडखळते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीचे नियमित अद्यतन थांबवले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. त्यामुळे सुस्थितीतील जुना संगणक मोडीत न काढता लिनक्स टाकून पाहण्याकडे अनेकांचा कल आहे. टायपिंग, ईमेल सुरळीत चालते; पण यूट्यूबची चित्रफीत पूर्ण पडद्यावर नेली की ती धक्के खाऊ लागते, पंखा घोंघावू लागतो. खापर लिनक्सवर फुटते. मात्र दोष बऱ्याचदा दुसरीकडे असतो.

लहान खिडकीत ठीक, मग मोठ्या पडद्यावर का नाही?

दर्जा ‘ऑटो’वर असेल तर पडदा मोठा होताच यूट्यूब अधिक दर्जाची चित्रफीत पाठवते. १०८०पीच्या एका चौकटीत सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे १२.४ कोटी बिंदू. आकुंचित स्वरूपात आलेला हा मजकूर उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये स्वतंत्र यंत्रणा असते. ती वापरली गेली नाही, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

अडचण कोडेकची

यूट्यूब प्रामुख्याने व्हीपी९ आणि एव्ही१ हे कोडेक वापरते. इंटेल कोअर प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सला व्हीपी९ पूर्णपणे हाताळता येऊ लागले ते सातव्या पिढीपासून (२०१६), तर एव्ही१ अकराव्या पिढीपासून (२०२०). विंडोज ११ ने दार बंद केलेले संगणक बहुतांशी सातव्या पिढीपर्यंतचेच! एच.२६४ हा जुना कोडेक मात्र त्यांना उत्तम जमतो.

लिनक्सची बाजू अगदीच निर्दोष नाही. इंटेल चिपसाठी ही सोय फायरफॉक्सने २०२३ मध्ये (आवृत्ती ११५) आपोआप सुरू केली. एएमडीसाठी थेट २०२५ मध्ये (आवृत्ती १३६). त्यातच पेटंटच्या धास्तीने फेडोराने २०२२ मध्ये आपल्या मेसा ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एच.२६५ ची हार्डवेअर सोय काढून टाकली. तिथे ती बाहेरील भांडारातून घ्यावी लागते.

दोष कसा शोधावा?

चित्रफितीवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. तिथे कोडेक (एव्हीसी१, व्हीपी०९ वा एव्ही०१) आणि गळलेल्या चौकटींची संख्या दिसते. मग उतरवलेली एखादी एच.२६४ फाइल एमपीव्ही किंवा व्हीएलसीत चालवून पाहावी. ती सुरळीत चालली तर संशय ब्राउझरवर किंवा कोडेकवर घ्यावा. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेले असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरच कामाला लागलेला नाही. आधी तो बसवावा, बाकी सारे नंतर.

ड्रायव्हर ठीक असेल, तर ‘एच२६४इफाय’ हे विस्तारक ब्राउझरमध्ये टाकून यूट्यूबला जुन्या कोडेकवर आणता येते. त्यात दर्जा १०८०पीपुढे जात नाही, पण जुन्या मॉनिटरवर तो फरक जाणवतही नाही. तेही नको असेल तर ७२०पी निवडावे.

चित्र आडवे फाटल्यासारखे दिसणे हा मात्र वेगळा विकार आहे. तो बहुधा जुन्या एक्स११ सत्रात आढळतो. लॉगिनच्या वेळी वेलँड सत्राचा पर्याय असल्यास तो निवडून पाहावा.