पुडीआधी ओआरएस



जुलाबावर स्मेक्टाइट मातीच्या पुडीची भलामण करणारे कल्याणच्या वाचकाचे पत्र वाचले. पुडीने शौच घट्ट होते, मान्य. पण अंगातून गेलेले पाणी-क्षार भरून येत नाहीत. त्यासाठी ओआरएसच हवे, मुलांना सोबत झिंक. मातीतल्या शिशाच्या अंशामुळे फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नका, असे बजावले. शिवाय ही माती इतर औषधेही शोषते. बीपीच्या गोळीत आणि तिच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे.

आमच्या डोंबिवलीत ओआरएसची लिटरची पुडीसुद्धा चमच्याचमच्याने पेल्यात ढवळतात! ती उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून २४ तासांत संपवायची. शौचात रक्त दिसले किंवा लघवी कमी झाली, तर थेट डॉक्टर गाठावा.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)