बिल पडलं, मग पेढे कशाचे?

७ ऑक्टोबर २०२३. शनिवार. दिवसभर फोनवर इस्रायल आणि गाझाच्या बातम्या येत होत्या. त्यात मध्येच आमच्या बे एरियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर येऊन पडलं. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी एसबी ४०३ या विधेयकावर व्हेटो वापरला, आपण जिंकलो! खाली हात जोडलेले, मग झेंडे, मग कुणीतरी पेढ्यांचा फोटो टाकला. एका काकांनी लिहिलं, "चला, आता तरी इथे आपल्याला कुणी जात विचारणार नाही."

मी हसले. याच काकांनी तीनच आठवड्यांपूर्वी गणपतीत माझं आडनाव ऐकून आधी मूळ गाव विचारलं होतं, मग कुलदैवत विचारलं होतं आणि तेवढ्यानंही अंदाज लागेना तेव्हा "तुमच्याकडे लग्नं कुठल्या पद्धतीनं लागतात?" असं विचारलं होतं. मी नांदेडची, बौद्ध घरातली. शेवटी मीच सांगून टाकलं. काका म्हणाले, "अरे वा, छान छान," आणि प्रसाद वाटायला गेले.

ग्रुपवर कुणीतरी गव्हर्नरच्या पत्राची लिंकही टाकली होती. एका पानाचं पत्र. ते उघडून वाचलं असतं तर पेढे परत डब्यात गेले असते, असं माझं मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

आधी हे बिल काय होतं ते. मार्च २०२३ मध्ये सिनेटर आयशा वहाब यांनी ते आणलं. नोकरी, घर, शिक्षण यांत भेदभाव करायला बंदी घालणारे कायदे कॅलिफोर्नियात आधीपासून आहेत. त्यांत वंश, रंग, धर्म, लिंग अशी यादी असते. बिलाच्या पहिल्या मसुद्यात या यादीत 'जात' हा नवा शब्द घालायचा होता. विरोध वाढला, तशी उन्हाळ्यात दुरुस्ती झाली. यादीत 'ॲन्सेस्ट्री', म्हणजे पूर्वजपरंपरा, हा शब्द होताच. नवी नोंद करण्याऐवजी त्याच शब्दाची व्याख्या करायची ठरली: वंशावळ, वारसा, आईवडील, जात किंवा जन्मानं मिळालेला कुठलाही सामाजिक दर्जा. त्या व्याख्येत हिंदू शब्द नाही, भारत शब्द नाही. पोस्टर फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी हा दुरुस्त मसुदा पाहिला होता, मला शंका आहे.

मी मात्र पाहत होते. विधिमंडळाच्या वेबसाइटवर प्रत्येक बिलाचं पान असतं: कधी आलं, कुठल्या समितीत गेलं, कुणी काय मत दिलं. ऑफिसात बिल्ड पास झाला का हे जसं दर दहा मिनिटांनी बघते, तसं ते पान बघायची सवय लागली होती. मे महिन्यात सिनेटमध्ये ३४ विरुद्ध १. ऑगस्टच्या शेवटी असेंब्लीत ५० विरुद्ध ३. दुरुस्तीमुळे परत सिनेटमध्ये, ५ सप्टेंबरला, ३१ विरुद्ध ५. दोन्ही बाजूंच्या संघटनाही हेच करत होत्या. एकीकडे इक्वॅलिटी लॅब्ज, दुसरीकडे हिंदू अमेरिकन फाउंडेशन आणि कोहना. याला फोन करा, त्याला मेल करा, अमुक आमदार आपल्या बाजूचा, तमुक विरोधी. सॅक्रामेंटोत गव्हर्नरनी सही करावी म्हणून कार्यकर्ते उपोषणाला बसले होते.

आता गव्हर्नर. आपल्याकडच्या राज्यपालाशी याची गल्लत करू नका. हा निवडून आलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो. अधिवेशन चालू असताना बिल हातात आलं की त्याला १२ दिवस मिळतात. अधिवेशन संपता संपता आलेल्या बिलांसाठी ३० दिवस. या मुदतीत त्यानं काहीच केलं नाही, तर बिल सहीशिवाय कायदा होतं. म्हणजे गप्प बसून बिल मारता येत नाही. मारायचंच असेल तर 'नाही' म्हणावं लागतं आणि कारण लिहून द्यावं लागतं. मला ही पद्धत आवडते. कारण लिहिलं की माणूस सापडतो.

गॅव्हिन न्यूसम यांनी काय लिहिलं? थोडक्यात असं, की कॅलिफोर्नियात धर्म, पूर्वजपरंपरा, राष्ट्रीयत्व वगैरेंवरून भेदभावाला आधीच बंदी आहे, या तरतुदींचा अर्थ व्यापक लावायचा असतो, जातीवरून केलेला भेदभाव त्यांतच येतो आणि म्हणून हे बिल अनावश्यक आहे.

काका, परत वाचा. जातीवरून केलेला भेदभाव इथे आधीच बेकायदा आहे, असं राज्याच्या प्रमुखानं सही करून लिहून दिलंय. त्यावर तुम्ही पेढे वाटताय.

विरोधकांतले काही जण आधीपासून हेच म्हणत होते, की आहे तो कायदा पुरेसा आहे, वेगळा शब्द घातला तर सगळ्या भारतीयांकडे संशयानं पाहिलं जाईल. या भीतीची मी टिंगल करणार नाही. ऑफिसातल्या गोऱ्या माणसानं चहा पिताना 'तू कुठल्या कास्टची?' असं विचारलं तर मलाही नको वाटेल. पण कायद्यात धर्म हा शब्द आहे म्हणून कुणी सगळ्या धार्मिक माणसांकडे संशयानं बघत नाही. आणि कायदा पुरेसा आहे असं खरंच वाटत असेल, तर तेही पोस्टरवर छापा ना. 'मित्रांनो, आपण जिंकलो. लक्षात असू द्या, जातीवरून कुणाला डावललंत तर कायदा तुम्हाला धरेल.' हे पोस्टर मला अजून कुणी पाठवलेलं नाही.

गव्हर्नरलाही मी सोडणार नाही. 'अनावश्यक' हा त्यांचा शब्द मला पटत नाही, आणि तो त्यांना स्वतःलाही फारसा पटत नसावा. कारण २०१९ मध्ये त्यांनीच क्राउन ॲक्टवर सही केली होती. काळ्या माणसांना केसांच्या वेण्या, जटा यांवरून नोकरीत त्रास दिला जायचा. 'वंश' हा शब्द कायद्यात होताच. तरी त्या शब्दाच्या अर्थात केसांचा पोत आणि केशरचना येते, हे स्पष्ट लिहिलं गेलं. असा कायदा करणारं कॅलिफोर्निया पहिलं राज्य ठरलं. तेव्हा 'आधीच आहे की' असं न्यूसम म्हणाले नाहीत. केसांसाठी व्याख्या लागते आणि जातीसाठी लागत नाही, याचं कारण मला त्या एका पानात सापडलं नाही.

शब्द लिहिलेला असण्यानं काय फरक पडतो? आमच्या कंपनीत भेदभावाबद्दलचं ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. स्लाइडवर ती यादी येते. त्यात जे छापलेलं असतं तेवढंच मॅनेजरच्या डोक्यात शिरतं. तक्रारीच्या फॉर्मवरही तीच यादी. जातीवरून कुणी त्रास दिला तर मी कुठल्या चौकोनात टिक करायची? वंश? आमच्या दोघांचा एकच. राष्ट्रीयत्व? एकच. ॲन्सेस्ट्री हा शब्द वाचून ह्यूस्टनहून आलेल्या एचआरच्या बाईंना जात सुचेल, अशी अपेक्षा गव्हर्नर करतात. आणि इथले कितीतरी जण एच-वन-बीवर आहेत. नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. ज्याच्या हातात ते ६० दिवस आहेत, त्याच्याविरुद्ध तक्रार करताना 'या शब्दात ते अभिप्रेत असावं' एवढ्या आधारावर कोण उभं राहील?

हे हवेतलं नाही. २०२० मध्ये याच राज्याच्या नागरी हक्क खात्यानं सिस्कोवर जातिभेदाच्या आरोपावरून खटला भरला. सिस्कोनं आरोप नाकारले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये खात्यानं दोन इंजिनिअरांवरचे दावे मागे घेतले, कंपनीवरचा चालू ठेवला. आरोप खरे की खोटे हे मी ठरवणार नाही. पण अशा खटल्यात मुळात जात या कायद्यात बसते का, यावरच वकिलांचं भांडण होऊ शकतं, ते बिलातल्या त्या एका ओळीनं संपलं असतं. गव्हर्नरचं पत्र म्हणजे कायदा नव्हे. न्यायाधीशावर ते बंधनकारक नाही.

एक गोष्ट जाता जाता. जात अमेरिकेत आली कधी, असं विचारणाऱ्यांना सांगते. आपले ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेलला होते. त्यांचं जातिसंस्थेच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये तिथेच निघालं. १९१६ मध्ये कोलंबियात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला, त्यात त्यांनी केतकरांचाच हवाला देऊन बजावलं होतं की हिंदू देशाबाहेर गेले तर हा प्रश्न जगाचा होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलनं जातिभेदावर बंदी घातली तेव्हा तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. इतकं सगळं आपल्याच घरातलं असताना ग्रुपवर 'हे बाहेरच्यांचं कारस्थान' असं लिहिलं जातं.

आणि आता माझ्या बाजूच्या लोकांशी भांडण. आपल्या संघटनांचे तक्तेही त्या पोस्टरसारखेच निघाले. एसबी ४०३, व्हेटो, लाल फुली, पुढचं बिल. असेंब्लीचा आकडा परत बघा. एकूण ८० सदस्य. ५० होकार, ३ नकार. उरलेल्या २७ जागांचं मत कुठेच नाही. इथे मत न देणं हा विरोध करण्याचा सगळ्यात सोयीचा मार्ग आहे. बिलाला लागणारा होकार मिळत नाही आणि नावापुढे नकारही लागत नाही. व्हेटो उलटवायला असेंब्लीत ५४ मतं लागतात. चार कमी पडत होती, आणि २७ जागा गप्प होत्या. १९८० नंतर कॅलिफोर्नियात एकही व्हेटो उलटवला गेलेला नाही, हे मला माहीत आहे. तरी ती २७ नावं मला कुठल्याही मेसेजमध्ये दिसली नाहीत. ज्या तीन जणांनी उघड विरोध केला त्यांना शिव्या घालून आपण मोकळे झालो.

दुसरं म्हणजे, व्हेटोनंतरच्या गोष्टी कुणी मोजायच्या? 'आधीच बेकायदा आहे' असं गव्हर्नर म्हणतात ना, मग ॲन्सेस्ट्रीखाली जातीच्या किती तक्रारी गेल्या, खात्यानं किती घेतल्या, किती परत पाठवल्या? हा रकाना आपण उघडलाच पाहिजे. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार नागरी हक्क खात्याकडे करायला तीन वर्षांची मुदत असते. व्हिसा कुठला आहे यानं तो हक्क जात नाही. हे मला माहीत नव्हतं, पत्र वाचल्यावर शोधलं. तुमच्यापैकी कुणी सनीवेलला, फ्रीमाँटला तीन मित्रांत खोली घेऊन राहत असेल, तर हे फोनमध्ये लिहून ठेवा.

पत्राची पीडीएफ मी सेव्ह केली आणि आमच्या एचआरला मेल केली. एकच प्रश्न विचारला: गव्हर्नर म्हणतात जात आधीच या यादीत आहे, तर फॉर्मवर मी कुठे टिक करायची? चार दिवसांनी उत्तर आलं, की प्रश्न चांगला आहे, लीगलशी बोलून कळवतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्याच मेलवर रिप्लाय करते. अजून लीगलशी बोलणं चालू आहे.